बोलणाऱ्या नभोवाणीचा जमाखर्च

भेडाघाटास नर्मदेच्या पात्रात, दोन्ही बाजूंच्या संगमरवरी कड्यांमधून नाव पुढे सरकू लागली की नावाडी बोलू लागतो. यमके जुळवीत, कोपरखळ्या मारीत, या खडकास गाडीचे नाव तर त्या खडकास नंदीचे नाव देत तो अर्धा-पाऊण तास उतारूंना गुंतवून ठेवतो. बंदरकुदनीपाशी कडे इतके जवळ येतात की माकडांनी या काठावरून त्या काठावर उडी घ्यावी. तेथे त्याच्या वाणीला विशेष बहर येतो. या बोलण्याचे निराळे मोल कोणी देत नाही. उतारू पैसे मोजतो ते नावेत बसण्याचे. पावसाळ्यात नर्मदा चढते, नौकाविहार बंद होतो आणि त्याबरोबर ही वाणीही बंद होते. नुसते बोलणे ऐकण्यासाठी काठावर कोणी पैसे देऊन बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

बोलण्याला स्वतःचा बाजार नसतो, ते दुसऱ्या कशाच्या तरी पाठीवर बसून हिंडते, ही गोष्ट नभोवाणीच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. गाण्याला श्रोता आपण होऊन येतो. भाषण, चर्चा, शेतीविषयक संवाद, आरोग्यविषयक सल्ला यांना तो बेताचाच येतो. तरीही जगभर बोलणारी केंद्रे चालत राहिली. काही तर ऐकणारे मूठभर असतानाही मालकाला पैसा मिळवून देत राहिली. हे कसे घडते, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्याचा वाटेल. आम्ही तो इतिहासाचा समजतो, कारण पैसा कोठून आला हे कळल्यावाचून कोणते केंद्र कोणाशी बोलत होते हे कळत नाही.

आरंभ अमेरिकेपासून केला पाहिजे, कारण नभोवाणीवरील पहिली म्हणून जी जाहिरात प्रसिद्ध आहे ती गाणे नव्हती, भाषण होते. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ या केंद्रावरून क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाच्या घरबांधणी मंडळीने सुमारे दहा मिनिटांची वेळ पन्नास डॉलरला विकत घेतली. घरांच्या समूहाचे नाव हॉथॉर्न कोर्ट. म्हणून वक्त्याने आरंभी नॅथॅनिएल हॉथॉर्न या कादंबरीकारास आदरांजली वाहिली आणि मग हळूच मोकळी हवा, झाडी, आरोग्य असे करीत मंडळीच्या घरांपर्यंत तो येऊन पोहोचला. साहित्याचा व्यापाराच्या दारात इतका उपयोग क्वचितच झाला असेल! ऐकणारे किती होते याची मोजदाद तेव्हा नव्हती आणि विकणाऱ्याला तिची गरजही नव्हती. हजार श्रोत्यांपैकी दहांनी घर घेतले तरी पन्नास डॉलर वसूल होत होते.

कमी श्रोत्यांच्या केंद्राचे सगळे गणित या एका व्यवहारात बीजरूपाने आहे. केंद्राचे गिऱ्हाईक श्रोता नसून वेळ घेणारा असतो. कॅन्सस राज्यातील मिलफर्ड गावी जॉन ब्रिंक्ली नावाच्या वैद्याने १९२३ साली स्वतःचे केंद्र काढले. बोकडाच्या ग्रंथी माणसाच्या शरीरात बसवून पौरुष परत आणतो असे तो सांगे. श्रोत्यांची पत्रे वाचून तो नभोवाणीवरूनच औषधे सुचवी, ठरावीक दुकानांतून ती विकली जात आणि विक्रीचा वाटा त्याच्याकडे पोहोचे. १९३० साली त्याचा परवाना गेला. तेव्हा त्याने मेक्सिकोच्या हद्दीत प्रचंड शक्तीचे केंद्र उभारले व तेथून तो अमेरिकेशीच बोलत राहिला.

पुढे १९८० च्या दशकात उपग्रहामार्फत देशव्यापी वक्त्यांचे कार्यक्रम लहान केंद्रांना फुकट मिळू लागले; मोबदल्यात केंद्राने जाहिरातीची काही मिनिटे वक्त्याच्या मंडळीस सोडावयाची. आज तेथील अशा एखाद्या केंद्रात संगणकाजवळ एखाददुसरा माणूस असतो. सकाळचा तास धर्मोपदेशकाने, दुपारचा पुष्टीच्या गोळ्या विकणाऱ्याने, शनिवारचा गुंतवणुकीच्या सल्लागाराने विकत घेतलेला असतो. काही जाहिरातींचे पैसे तर किती श्रोत्यांनी दूरध्वनी केला यावर ठरतात. आणि शेवटी जमीन! मध्यम लहरींच्या मनोऱ्यांना विस्तीर्ण जागा लागते. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथील डब्ल्यूएमएएल या बोलणाऱ्या केंद्राच्या मनोऱ्यांखालची ७५ एकर जमीन घरबांधणीसाठी विकली गेली. १९२२ साली घरे विकण्यासाठी नभोवाणीची वेळ घेतली होती; शंभर वर्षांच्या आतच घरे बांधण्यासाठी नभोवाणीची भूमी घेतली गेली.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानातील नियमित ध्वनिक्षेपणाचा आरंभ सरकारने केला नाही, एका खाजगी कंपनीने केला, हे अनेकांस आता आठवत नाही. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उघडले आणि २६ ऑगस्टला कलकत्त्याचे. प्रक्षेपकाची शक्ती प्रत्येकी दीड किलोवॉट. म्हणजे साध्या यंत्रावर शहर आणि त्याचा परिसर एवढाच पल्ला. कंपनीचे वसूल भांडवल सहा लाख रुपये, आणि त्यातील बहुतांश दोन केंद्रे उभारण्यातच खर्ची पडले. उत्पन्नाची साधने दोन. प्रत्येक रेडिओधारकाने वर्षाला दहा रुपये अनुज्ञाशुल्क भरावे, त्यातील आठ रुपये कंपनीस. आणि आयात केलेल्या यंत्रसामग्रीच्या किमतीवर शेकडा दहा.

आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसास हा हिशेब सहज मांडता येतो. १९२९ च्या अखेरीस अनुज्ञाधारकांची संख्या साडेसात हजारांच्या आसपास होती. साडेसात हजार गुणिले आठ म्हणजे साठ हजार रुपये वर्षाला. दोन महानगरांतील दोन केंद्रे, गायक-वादक, वक्ते, इंजिनिअर, वीज, इमारती, सर्व काही यात आणि आयातीवरील त्या तुटपुंज्या रकमेत! यंत्राचे व्यापारी आयातीचा वाटा चुकवीत आणि अनुज्ञापत्रावाचून रेडिओ ऐकणारे तर घरोघर होते. इंग्लंडातील बीबीसी अशाच शुल्कावर पोसली गेली. पण तेथे शुल्क देणारे लाखांनी होते. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली आणि १ एप्रिलपासून सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली. सरकारलाही तो भार पेलवेना. ऑक्टोबर १९३१ मध्ये केंद्रे बंद करण्याचे ठरले, व्यापारी व श्रोते यांनी ओरड केली, नोव्हेंबरात तो निर्णय फिरला आणि मे १९३२ मध्ये केंद्रे चालू ठेवण्याचे कायम झाले. खर्च भागविण्यासाठी आयात यंत्रांवरील जकात शेकडा पन्नास करण्यात आली.

पुढे जे घडले ते आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीने साम्राज्यातील प्रजेसाठी लघुलहरींवर एम्पायर सर्व्हिस सुरू केली. लंडन ऐकू येते म्हटल्यावर हिंदुस्थानातील युरोपियनांनी भराभर यंत्रे विकत घेतली. १९३३ च्या कायद्याने अनुज्ञापत्रावाचून यंत्र बाळगणे गुन्हा ठरले. तो १ जानेवारी १९३४ पासून अंमलात आला. वर्षअखेर अनुज्ञाधारक सोळा हजारांवर गेले. लोक यंत्र घेत लंडन ऐकण्यासाठी. शुल्क आणि जकात मिळे मुंबई-कलकत्त्याला. ज्या केंद्राचे श्रोते थोडे, त्याचा संसार दुसऱ्याच केंद्राच्या श्रोत्यांनी चालविला. ऑगस्ट १९३५ मध्ये बीबीसीचे लायोनेल फील्डन येथे आले, १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र उघडले, ८ जूनला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले. या विस्ताराची हिंमत सरकारला आली त्यामागे ही अनपेक्षित मिळकत होती. (आकाशवाणी हे नाव आधीच म्हैसूरला वापरात होते. प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरीच लहानसे केंद्र थाटले होते. स्वतःची पदरमोड आणि लोकांच्या देणग्या हा त्याचा जमाखर्च. अखेर संस्थानाने ते चालवावयास घेतले.)

अनुज्ञापत्राविषयी आणखी थोडे लिहिणे भाग आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने रेडिओचे शुल्क डाकघरात जाऊन भरले. लहानशी पुस्तिका असे. वर्षाला पंधरा रुपये भरून तीत शिक्का मारून घ्यावयाचा. जुन्या घरांतील ट्रंकांतून अजूनही ती सापडते. ही पद्धत कटकटीची होती, तीतून निसटणारे पुष्कळ होते, आणि वसुलीचा खर्चही थोडा नव्हता. तरी तीत एक गुण होता. श्रोता सरकारी खातेवहीत होता. तो काय ऐकतो हे तीत लिहिलेले नसे. तो आहे, एवढे मात्र लिहिलेले असे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात अशी यंत्रे पावणेतीन लाखांच्या आसपास होती.

लंडनच्या प्रकरणाची पुनरावृत्ती पंधरा-वीस वर्षांनी कोलंबोने केली. महायुद्धात माउंटबॅटन यांच्या सैन्यासाठी उभारलेला प्रक्षेपक युद्धानंतर सिलोन सरकारच्या हाती आला आणि १९५० पासून रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा हिंदुस्थानाकडे तोंड करून गाऊ लागली. इकडे १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांनी चित्रपटगीतांना कात्री लावली आणि चित्रपटनिर्मात्यांशी त्यांचे बिनसले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री देश कोलंबो ऐके आणि शुल्क दिल्लीला भरी. त्या शुल्कावर आपल्याकडे भाषणे, चर्चा व परिसंवाद चालत. सिलोनवरही केवळ गाणी नव्हती. ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्था तेथे वेळ विकत घेऊन उपदेश करीत, आणि ते ऐकणारे थोडे असले तरी कोलंबोला त्याचे काही वाटत नसे, कारण वेळेचे पैसे आधीच पोहोचलेले असत.

केसकरांची थट्टा करण्याची एक रीत पडून गेली आहे. आम्ही तीत सामील होऊ इच्छीत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली. आणि त्यांच्याच कारकिर्दीत पुणे केंद्रावर बोलणाऱ्या नभोवाणीचा असा एक प्रयोग झाला की ज्याची दखल जगाने घेतली.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी उघडले. १ एप्रिल १९५५ पासून तेथे 'गीतरामायण' सुरू होते आणि घरोघर ते ऐकले जाई. त्याचे अखेरचे भाग चालू असतानाच, १७ फेब्रुवारी ते १३ एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या साह्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, दीडशे गावे, प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम, असे एकंदर वीस. चावडीत वा शाळेत मंडळी जमत, कार्यक्रम ऐकत, आणि यंत्र बंद झाल्यावर खरे काम सुरू होई. ऐकलेल्या गोष्टीवर ते आपसात चर्चा करीत, शंका व निर्णय लिहून केंद्राकडे पाठवीत आणि पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. उंदरांचा बंदोबस्त, खत, बियाणे, सहकारी सोसायटी असले विषय! परीक्षण टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व त्याची सूत्रे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होती. ज्या गावांत मंडळे होती, ज्यांत नुसता रेडिओ होता आणि ज्यांत काहीच नव्हते, अशा तिन्ही प्रकारच्या गावांत आधी व नंतर प्रश्न विचारून पाहण्यात आले. मंडळे असलेल्या गावांतील माणसांचे ज्ञान ठळकपणे वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक फार थोडा पडला.

हा निष्कर्ष नभोवाणीच्या अर्थशास्त्राला धक्का देणारा आहे. दीडशे गावांत वीस-वीस म्हणजे तीन हजार माणसे. जाहिरातदाराच्या वहीत तीन हजार श्रोते म्हणजे शून्यच. पण या तीन हजारांनी ऐकलेले बोलणे शेतात उतरले. प्रयोगाचा खर्च युनेस्को आणि सरकार यांनी उचलला होता म्हणून तो होऊ शकला. नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. तेव्हा तिचा जोम ओसरला असे जे म्हटले जाते त्यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. यंत्रे वाटणे सोपे. मंडळ जमविणारा, लिहून घेणारा, पत्र पाठविणारा माणूस प्रत्येक गावी उभा करणे अवघड, आणि त्या माणसासाठी अंदाजपत्रकात शीर्षक नसते. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात वर्षानुवर्षे नोकरी करीत होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. चांगले बोलणे हवेतून पडत नाही, त्यासाठी चांगली माणसे पगारावर ठेवावी लागतात.

जबलपुरातील आम्हां मराठी कुटुंबांचा या इतिहासाशी संबंध काहीसा तिरकस आहे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला व १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. तेव्हापासून आणि त्याहून अधिक इंग्रजी अमदानीतील नोकऱ्यांमुळे मराठी माणूस येथे आहे. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र उघडले तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. ते केंद्र आमचेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. भाषा सरहद्दीपलीकडे गेली, लहरी मात्र जुन्या वाटेने येत राहिल्या. रात्री खरखरीतून नागपूरची मराठी ऐकणारी कुटुंबे शुल्क भरीत ते जबलपूरच्याच डाकघरात.

जबलपूरला स्वतःचे केंद्र १९६४ साली मिळाले. त्याच वर्षी येथे कृषिविद्यापीठ स्थापन झाले, हा योग चांगला जुळला. शेतीवर बोलावयास जाणकार माणूस शहरातच मिळू लागला. ८०१ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीवर हे केंद्र महाकोशलातील खेड्यांशी बोलत आले. चौसष्ट योगिनींच्या टेकडीभोवतालच्या गावांना धुवांधारचा आवाज फुकट मिळतो. पण पाऊस कधी, बियाणे कोणते, बाजारभाव काय, हे सांगणारा आवाज फुकट तयार होत नाही.

केसकर गेले, आणि १९६० च्या दशकात चंदा समितीने नभोवाणीचा सांगोपांग विचार केला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. आणि त्यासाठी प्रथम निवडली गेली ती मुंबई, पुणे व नागपूर ही तीन मराठी केंद्रे! एका घरात दोन भाऊ असावेत, एकाने दुकान चालवावे आणि दुसऱ्याने शाळा, तशी ही व्यवस्था झाली. विविध भारती गाणार आणि मिळविणार, मुख्य केंद्र बोलणार आणि खर्च करणार. १९८० च्या दशकात मुख्य केंद्रांवरही जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला.

१९८५ साली रेडिओचे अनुज्ञापत्रच रद्द झाले. जनतेने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. शुल्क चुकविणाऱ्यांचा पाठलाग करण्यात काही अर्थ उरला नव्हता, हेही खरे. परंतु त्या दिवशी श्रोता खातेवहीतून नाहीसा झाला आणि पुन्हा कधी तीत आला नाही. मध्यंतरीच्या चाळीस वर्षांत बोलणाऱ्या केंद्रांच्या मिळकतीचे जे मार्ग निघाले, त्यांतील एकाही मार्गावर श्रोता भेटत नाही.

ते मार्ग असे. १५ ऑगस्ट १९९३ पासून दिल्ली-मुंबईस आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरील वेळच खाजगी मंडळींना विकण्यास सुरुवात केली. १९९८ मध्ये तो व्यवहार संपला. खाजगी एफएम केंद्रे आली. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात; म्हणून आपल्याकडे खाजगी बोलकी नभोवाणी वाढलीच नाही, निवेदकांची बडबड वाढली. या खाजगी केंद्रांचे प्रक्षेपक पुष्कळ ठिकाणी प्रसार भारतीच्याच मनोऱ्यांवर बसले, त्याचे भाडे प्रसार भारतीस मिळते. पुन्हा तेच: ऐकतो एकाला, पैसे पोहोचतात दुसऱ्याला. प्रसार भारती नोव्हेंबर १९९७ मध्ये स्वायत्त झाली खरी, परंतु २०१२ साली कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा भार केंद्र सरकारनेच उचलण्याचे ठरले. चालू खर्च तिने आपल्या मिळकतीतून भागवावा. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'किसानवाणी'चा खर्च कृषिमंत्रालयाने केला. एखादे खाते आपल्या योजनेचा प्रचार करण्यासाठी तास घेते, तो तास भरला जातो. कोणी ऐकले का, हे विचारण्याचे कारण ना खात्यास उरते ना केंद्रास. अमेरिकेतील धर्मोपदेशकाचा तास आणि आपल्या खात्याचा तास यांत हेतूचे अंतर पुष्कळ आहे, व्यवहाराचे फारसे नाही.

श्रोत्यांची शास्त्रीय मोजणीही येथे नाहीच म्हणावी अशी आहे. २००७ पासून जी खाजगी मोजणी सुरू झाली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर व कोलकाता या चारच शहरांपुरती. जबलपूरचे केंद्र लोकप्रिय आहे की नाही, हे सांगणारा आकडाच त्या मोजणीत नव्हता. अपवाद म्हणून 'मन की बात'चा उल्लेख केला पाहिजे. ऑक्टोबर २०१४ पासूनच्या या निव्वळ बोलण्याच्या कार्यक्रमाने, २०२१ साली राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे, तोवर ३० कोटी ८० लाख रुपये मिळविले होते, पैकी एकट्या २०१७-१८ मध्ये १० कोटी ६४ लाख. जाहिरातदार पंतप्रधानांच्या भाषणाभोवती जमतात. उंदरांच्या बंदोबस्तावरील संवादाभोवती जमत नाहीत.

सामुदायिक केंद्रांची कथा निराळी आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना ती काढता आली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे 'माणदेशी तरंग' हे त्यांतील आमच्या आवडीचे, कारण ते माणदेशाच्या बोलीत बोलते. २०२४ साली या केंद्रांना ताशी सातऐवजी बारा मिनिटे जाहिराती घेण्याची मुभा मिळाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस ५२ वरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटांत दहा सेकंदांचे बहात्तर तुकडे. सर्व विकले गेले तर तासाला ५,३२८ रुपये. कागदावर हे उत्पन्न डोळे दिपविणारे आहे. परंतु बहात्तरही तुकडे विकले जातील असा तास खेड्यातील केंद्राच्या वाट्यास येत नाही, आणि प्रक्षेपकाचे विजेचे बिल मात्र तुकड्यांनी येत नाही.

आता नागपूर. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. कार्यक्रम दिल्लीत होत. ते देशभर पोहोचविण्यासाठी नागपूरला एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक होता. १९२७ च्या मुंबईच्या प्रक्षेपकाच्या मानाने त्याची शक्ती सहाशे पटींहून अधिक. ही वाहिनी रात्रीची. पहारेकरी, रेल्वेचे कर्मचारी, मालमोटारींचे चालक, झोप न येणारे म्हातारे यांच्याशी ती बोले. जबलपुरात ती स्वच्छ ऐकू येई. जानेवारी २०१९ मध्ये खर्चकपातीचे कारण सांगून ती बंद करण्यात आली. आकडे पाहून निर्णय घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. मेगावॉट प्रक्षेपकाची वीज आणि त्यास मिळणारी जाहिरात यांची वजाबाकी कोणत्याही कारकुनाने तशीच केली असती. आमचा आक्षेप निराळा आहे. वजाबाकीत एका बाजूस वीज होती, दुसऱ्या बाजूस जाहिरात होती. रात्रपाळीचा पॉइंट्समन कोणत्याच बाजूस नव्हता. १९८५ पूर्वी निदान पंधरा रुपयांपुरता तो मांडला गेला असता.

मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक देशात एकेक करून थंड होत आहेत आणि भर एफएमवर आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९ कोटी ६१ लाखांच्या योजनेत आकाशवाणीचे एफएम लोकसंख्येच्या शेकडा ६८ वरून ८० पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते. एफएमचा आवाज गोड, वीज कमी, यंत्र लहान. हे सारे मान्य. मात्र त्याची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर व कडे तिला अडवितात. मध्यम लहर जमिनीस धरून दऱ्याखोऱ्यांतून वाट काढते. नर्मदेच्या दोन्ही तीरांवर सातपुडा-विंध्याच्या ओळी आहेत आणि लोकसंख्येच्या शेकडा वीस हिश्शातील पुष्कळजण अशाच ओळींच्या आड राहतात. त्यांच्यापर्यंत बोलणे पोहोचविण्याचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली टाकावयाचा, हे अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे. आणि ते ठरेपर्यंत घराण्यांतील जुने संच फळीवरून खाली काढून ठेवू नयेत, असे आमचे वाचकांस सांगणे आहे.